नाव बाहेरच्या बाजूला

जयंती पाटणकर ही गोष्ट स्वतःच सांगते, आणि सांगताना इतकी हसते की शेवटचं वाक्य ऐकणाऱ्यालाच पुरं करावं लागतं. ललिताला तिने पहिल्यांदा पाहिलं ते लिफ्टमध्ये. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे जरा मोठं कपाट. त्यात ललिता एका डच म्हातारीची चाकाची खुर्ची घेऊन उभी. खुर्चीच्या दोन्ही मुठींना बाजाराच्या पिशव्या, पायात पांढरे रबरी बूट, अंगात कुणीतरी दिल्यासारखं ढगळ जाकीट, आणि रंगाने सावळी. जयंतीच्या डोक्यात लगेच घंटा वाजली. देव पावला! दोन वर्षं जी सापडत नव्हती ती कामवाली बाई आपल्याच लिफ्टमध्ये उभी.

"हमारे यहाँ भी आयेंगी क्या?" जयंतीने तिच्या त्या सदाशिव पेठी हिंदीत विचारलं. "हफ्ते में दो दिन. सिर्फ फरशी और बाथरूम."

ललिताने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती हिंदी ऐकल्यावर कुठल्या गावचं पाणी आहे ते कळायला वेळ लागत नाही. म्हणाली, "येईन की, काकू. पण मला फरशी जमत नाही. मी फक्त पोटं साफ करते. नळी वरून घालायची की खालून, तेवढं सांगून ठेवा."

तेवढ्यात सहावा मजला आला आणि खुर्ची, म्हातारी, पिशव्या सगळं घेऊन ती निघून गेली.

डॉक्टर ललिता सोनकांबळे. हॉस्पिटलात पोट-आतड्यांच्या विभागात. आणि ती म्हातारी तिची कोणी नव्हती, शेजारीण होती. इतकी खाष्ट बाई की तिच्या पोटच्या मुली नाताळालासुद्धा फिरकत नसत. ललिता तिला दर शनिवारी बाजारात न्यायची. दयेबियेने नाही हो. "डच शिव्या शिकायला मिळतात," म्हणायची. "क्लासमध्ये फक्त माझं नाव अमुक, मी तमुक देशातून आले. वॉर्डमध्ये पेशंट काय बोलतो ते म्हातारीनेच शिकवलं."

आता जयंतीला शरम वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. वाटली, पण घरी पोचेपर्यंतच. चहा उकळेस्तोवर तिने स्वतःची समजूत घातली की डॉक्टरने डॉक्टरसारखं दिसायला नको का?

तिकडची आपली मंडळी तुम्हाला ठाऊक नसतील म्हणून सांगते. पुण्या-मुंबईची, सगळी कॉम्प्युटरवाली. दिवाळीला शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा आणि कागदी थाळ्यांत छोले खात दिवाळी साजरी झाली म्हणायचं. तिथे नवीन माणूस दिसला की तीन प्रश्न ठरलेले. आडनाव काय? कुठल्या कंपनीत? कॉलेज कुठलं? तिसऱ्या उत्तरावर ठरायचं की ह्याला खुर्ची द्यायची की नुसता चमचा. पन्नाशीला आलेली माणसं, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली, पण अठराव्या वर्षी कुठल्या दारातून आत शिरलो त्याचं कौतुक काही संपत नाही. जयंतीचा नवरा अरुण अजून कॉलेजच्या नावाच्या मगातून चहा प्यायचा. मगाचा कान तुटला होता. तो फडक्याने धरून प्यायचा, पण दुसऱ्या मगाला हात लावायचा नाही. जयंतीने स्वतः बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. त्यामुळे कुणाचं कॉलेज किती चांगलं ह्यावर तिचा अभ्यास सगळ्यांत दांडगा.

तर त्या दिवाळीला ललिता आली. नवरा सुखदेव नायमेखनला संशोधन करायचा, शनिवार-रविवार यायचा, तोही सोबत. जयंतीने तिन्ही प्रश्न विचारले. सोनकांबळे. हॉस्पिटल. आणि कॉलेज मराठवाड्यातलं सरकारी, जिल्ह्याच्याही गावाला नाही, तालुक्याला.

"अच्छा," जयंती म्हणाली. त्या 'अच्छा'मध्ये काय काय होतं ते ललिताने आयुष्यभर ऐकलेलं होतं.

"होय, कोट्यातून," ललिता पापड मोडत म्हणाली. "तुम्ही विचारलं नाही, पण तोंडावर आलंय तुमच्या. प्रवेश कोट्यातून. पुढची पाच वर्षं परीक्षा मात्र सगळ्यांना एकच होती हो, त्यात कुणी सूट दिली नाही."

"अगं, मी कुठे काय म्हटलं? पण मेरिट म्हणून काही असतंच ना."

"असतं की. इथल्या लोकांना जरा सांगा ते. इथे मेडिकलला चिठ्ठ्या टाकतात."

"काय टाकतात?"

"चिठ्ठ्या. लॉटरी. अगदीच हुशार पोरं सोडली तर बाकीच्यांची सोडत निघते. मार्क चांगले असले तर नाव लागायची शक्यता वाढते, एवढंच. ज्या हाउसआर्ट्सला तुम्ही बीपी दाखवता ना, त्याचं नाव बहुतेक चिठ्ठीत निघालं म्हणून तो डॉक्टर. नाहीतर आज कुठेतरी चीज विकत असता."

जयंतीचा घास तिथेच राहिला. घरी येऊन तिने अरुणला विचारलं, अरुणने ऑफिसात विचारलं, आणि निघालं खरं. त्यानंतर दोन महिने ती हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, गेली नाही. बीपी वाढलं तरी गेली नाही.

पण जयंतीच्या ह्या कॉलेजच्या भक्तीमागे एक दुखणं होतं, आणि ते अमेरिकेत होतं. पाटणकर मंडळी आधी पंधरा वर्षं न्यू जर्सीत होती. अरुणच्या कंपनीने त्याला अ‍ॅमस्टरडॅमला पाठवलं तेव्हा मुलगा, सारंग, तिकडेच शिकायला राहिला. 'सारंग काय करतो?' विचारलं की जयंती म्हणायची, "अमेरिकेत मेडिकलला आहे." लोक माना डोलवायचे. मग तिसरा प्रश्न यायचा. "कुठलं कॉलेज?" त्यावर जयंतीचं उत्तर ठरलेलं. "छोटंसं आहे, पण..." आणि त्या 'पण'नंतर ती कुणाच्या तरी ताटात करंजी वाढायला धावायची.

गोष्ट अशी की अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन वाटा. एकीकडून एम.डी. निघतात, दुसरीकडून डी.ओ. औषधं तीच, सुई तीच, परवाना तोच. दुसऱ्या वाटेच्या पोरांना हाडं-स्नायू हाताने दाबून नीट करायची विद्या जास्तीची शिकवतात, म्हणून तिला ऑस्टिओपॅथिक म्हणायचं. सारंगला पहिल्या वाटेवर कुणी घेतलं नाही, दुसरीवर घेतलं. मिझुरीतलं एक गाव, गावात कॉलेज आणि मक्याची शेतं. अमेरिकेत तरी लोकांना माहीत असतं की हा पुरता डॉक्टर आहे. हॉलंडमध्ये तेही नाही. झुइडओस्टच्या मेट्रोजवळ एका घराच्या दाराला पितळी पाटी होती, 'ओस्टिओपाट'. आत एक दाढीवाला बाप्या लोकांच्या पाठी रगडायचा. तो काही डॉक्टर नव्हता. जयंती रोज त्या पाटीवरून जायची आणि रोज मान दुसरीकडे करायची, जणू त्या दाढीवाल्याने तिच्या मुलाला पळवून नेलं होतं.

सारंगचं शेवटचं वर्ष लागलं आणि ते दुखणं पोटात उतरलं. डॉक्टरकी शिकून झाली की अमेरिकेत रेसिडेन्सी मिळावी लागते, हॉस्पिटलात राहून शिकायची नोकरी. ती नाही मिळाली तर डिग्रीची सुरळी करून कोपऱ्यात उभी करायची. सारंगला हवं होतं मेडिसिन, तेही युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलात. पन्नास ठिकाणी अर्ज केले. आठांनी बोलावलं. बाकीच्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. हे त्याने फोनवर सांगितलं, आणि त्या दिवसापासून जयंतीच्या पोटात जळजळ.

हाउसआर्ट्सकडे जायचं नव्हतं, चिठ्ठीवाला ना तो. म्हणून ती सहाव्या मजल्यावर गेली.

ललिताने तिला सोफ्यावर आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, इकडून दाबलं, तिकडून दाबलं, आणि म्हणाली, "पोटात काही नाही. काय लपवलंय ते बोला."

जयंती आडव्यानेच बोलली. सगळं. मिझुरी, मका, डी.ओ., पितळी पाटी, बेचाळीस नकार. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "खरं सांग गं. कॉलेजच्या नावाने फरक पडतो का? माझं पोर नुसतं नावासाठी मागे राहील का?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे छे, गुण महत्त्वाचा. ललिता म्हणाली, "पडतो. न पडायला काय झालं? तुम्ही माझं कॉलेज ऐकून 'अच्छा' म्हणालात तेव्हा पडला नव्हता का? तिथे बसलेले प्रोफेसरही तुमच्यासारखेच. फक्त करंजी नसते."

"म्हणजे संपलं?"

"उठून बसा आधी. आडवं पडून रडलं की आम्ल वर येतं." तिने चहा ठेवला. "मी इथे स्पेशालिस्टच्या जागेसाठी तीनदा उभी राहिले. दोनदा हाकललं. माझ्यासोबत सौमित्र म्हणून एक होता, मुंबईच्या मोठ्या कॉलेजचा, सुवर्णपदकवाला. पदक घेऊन आला होता मुलाखतीला, खोटं नाही सांगत! प्रोफेसरने ते उलटंपालटं करून बघितलं. त्याला वाटलं सिंटरक्लासच्या सणाला पोरांना देतात ते चॉकलेटचं नाणं. सौमित्र तिरमिरीत परत गेला. इथल्या लोकांच्या लेखी तो आणि मी एकाच पोत्यातले बटाटे. कसलं मुंबई आणि कसला तालुका? मला तर विचारलं, तुमच्या कॉलेजात वीज होती का?"

"अगं बाई! मग?"

"म्हटलं, होती, आणि जायची. गेली की आम्ही पेशंट हाताने तपासायचो. तुम्ही मशीन बंद पडलं की काय करता? मोठ्याने हसला तो बाबा. दात पण चांगले नव्हते." ललिताने कप पुढे केला. "तिसऱ्या वेळी मिळाली जागा. त्याला माझं कॉलेज आवडलं म्हणून नाही. त्याच्याच वॉर्डात दोन वर्षं राबले होते, नर्सेसनी त्याचं डोकं खाल्लं, हिला ठेवा म्हणून. तुमच्या पोराला पाठवा माझ्याकडे, नाताळात येतोय ना? बघू किती पाण्यात आहे."

नाताळात सारंग आला. सव्वीस वर्षांचा घोडा, अंगात टोपीचा स्वेटशर्ट, पाठीवर निळी सॅक. आणि सॅकवर पांढऱ्या अक्षरांत, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल इतकं मोठं, कॉलेजचं अख्खं नाव. ऑस्टिओपॅथिकसकट. विमानतळावर पोराला मिठी मारताना जयंतीने पहिलं काम केलं ते त्या नावावर आपली शाल टाकण्याचं. घरी आल्यावर सॅक धुवायची म्हणून उलटी केली, आणि उलटीच खाली अडगळीच्या खोलीत सायकलींच्या मागे टांगली. वाळायला म्हणे. डिसेंबरात, तळघरात!

ललिता आली ती आमटीचं पातेलं घेऊनच. तिची येसराची, काळीभोर, झणझणीत. जयंतीच्या आमटीला ती 'खोकल्याचं औषध' म्हणायची, गूळ असतो म्हणून. जयंती तिच्या आमटीला 'डांबर' म्हणायची. हे भांडण कायमचं होतं, त्यावाचून दोघींना जेवण जात नसे.

पण त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. सारंगला ठरवायचं होतं. रेसिडेन्सीच्या दोन फेऱ्या असायच्या, दोन्हींत हॉस्पिटलांची पसंतीच्या क्रमाने यादी लिहून द्यायची. पहिली फेब्रुवारीत, फक्त डी.ओ.वाल्यांसाठी. तिथे ह्याला जागा जवळजवळ नक्की, पण लहान हॉस्पिटलांत. दुसरी मार्चमध्ये, सगळ्यांसाठी, तिथेच ती युनिव्हर्सिटीची आठ हॉस्पिटलं. पहिलीत लागलं की दुसरीतून नाव बाद. पहिली सोडली आणि दुसरीत नाही लागलं, तर वर्ष हातातून गेलं.

"कॉलेजचे सर म्हणतात, पहिलीच घे," सारंग म्हणाला. "सेफ आहे."

"मी पण तेच म्हणतो," अरुणने मगाच्या आडून सांगितलं.

"मला वाटतं दुसरी," जयंती म्हणाली. "बोस्टनच्या त्या मोठ्या हॉस्पिटलने बोलावलंय ना? तिथे लागलास की आधीचं कॉलेज कोण विचारतंय?"

"म्हणजे पोराला धुवून काढायचंय तुम्हाला," ललिता म्हणाली. "सॅक धुतली तसं."

जयंती भजी तळायला आत पळाली. हिला सॅकचं कसं कळलं? अहो, अडगळीची खोली सगळ्या इमारतीची एकच होती.

ललिताने सारंगला समोर बसवलं. "मी प्रोफेसर. तुझे बाबा पण प्रोफेसर, पण त्यांना झोप आलीय. सांग, आमच्याकडे का यायचंय?"

सारंगने घसा साफ केला. "वेल, आय गो टु अ‍ॅन ऑस्टिओपॅथिक स्कूल, बट..."

"थांब. परत."

"मी ऑस्टिओपॅथिक कॉलेजमधून आहे, पण आय टुक बोथ द एक्झाम्स, एम.डी.वाल्यांची पण..."

"परत."

"ललिताताई, मी अजून काही बोललोच नाही!"

"बोललास की. पहिल्याच वाक्यात माफी मागितलीस. तुला विचारलं आमच्याकडे का यायचंय, आणि तू सांगतोस मी कुठून आलो त्याबद्दल सॉरी. त्या प्रोफेसरच्या हातात तुझा कागद नाही का? त्याला वाचता येत नाही? ज्यांना ते नाव नको होतं त्या बेचाळीस गाढवांनी कागद कचऱ्यात टाकला. त्यांच्याशी तुझा विषय संपला. ह्या आठांनी नाव वाचलं, आणि वाचून बोलावलं. मग त्यांच्यापुढे हे 'बट बट' कशाला? कुणी शिकवलं तुला हे?"

सारंगने खांदे उडवले. आणि काही न बोलता, अगदी सहज, स्वयंपाकघराकडे पाहिलं.

स्वयंपाकघरात जयंती भजी तळत होती. झारा तेलात तसाच राहिला. दिवाळी, गणपती, संक्रांत, सगळीकडे वाढलेल्या करंज्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील. भजी मात्र करपली. ललिताने ती खाल्ली आणि वर सांगितलं, "ही तरी बिनगुळाची आहेत."

मग तिने सारंगला पिळून काढलं. परीक्षेचे आकडे काय? बरे होते. शिफारस कुणी केलीय? कुठे जाऊन काम केलंयस? त्यावर पोरगा जरा खुलला. आठांतलं एक ओहायोतलं होतं, तिथे तो महिनाभर वॉर्डात राबून आला होता. तिथल्या मोठ्या बाई त्याला म्हणाल्या होत्या, अर्ज कर, मी बघते.

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" ललिताने कपाळावर हात मारला. "तुझ्या आईला बोस्टन पाहिजे, बोस्टन वर लिही. वर लिहायला काही जात नाही, ते तुला घेणार नाहीत, त्यांचा मान राहील आणि आईचाही. त्याच्या खाली ओहायो. आणि पहिली फेरी सोड."

"आणि नाही लागला तर?" आता मात्र जयंतीचा आवाज चढला. मघाशी दुसरी फेरी दुसरी फेरी करणारी बाई, कुणीतरी हो म्हटल्याबरोबर उलटली. "अगं, वर्ष जाईल पोराचं! नाही लागला ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"नका बघू. लिफ्ट दोन आहेत."

सारंगने पहिली फेरी सोडली. जानेवारीत मुलाखती देत फिरला. फोनवर विचारलं की म्हणायचा, फाइन. त्याची जुनी सॅक इथेच राहिली होती, कारण जयंतीने त्याला जाताना नवी, कोरी, बिननावाची बॅग घेऊन दिली होती. फेब्रुवारीत त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या जागा लागल्याची बातमी आली, आणि जयंतीने खरंच लिफ्ट बदलली. डावीकडची वापरायला लागली. ललिता मुद्दाम डावीकडचीच घ्यायची. दोघी शेजारीशेजारी उभ्या, दाराकडे बघत, सहाव्या मजल्यापर्यंत एक अक्षर नाही. एकदा ती चाकाच्या खुर्चीतली म्हातारी डचमध्ये काहीतरी म्हणाली. जयंतीने न राहवून विचारलं, "काय म्हणतेय?"

"विचारतेय, ही बाई आजारी आहे का."

"तिला सांग, तुझ्यामुळे आहे."

ललिताने सांगितलं. म्हातारीने मान हलवली आणि जयंतीचा हात थोपटला.

मार्चमधल्या एका सोमवारी संध्याकाळी फोन आला. सोमवारी फक्त एवढंच कळतं की लागलं की नाही. कुठे, ते गुरुवारी. लागलं होतं. जयंती रडली, अरुण रडला, आणि रडून झाल्यावर जयंती म्हणाली, "बोस्टनच असेल." तीन दिवस तिने बोस्टनमध्ये घरं कशी मिळतात त्याची चौकशी केली. मंजूषा म्हणून तिची कापेल आन डेन आयसेल गावची मैत्रीण होती, तिची भाची बोस्टनला. ही मंजूषा म्हणजे आपल्या मंडळींतली सगळ्यांत मोठी कॉलेजवाली, माणसाचं नाव विसरेल पण टक्केवारी विसरायची नाही. शनिवारी सगळ्यांना जेवायला बोलावून झालं, मंजूषाला पहिलं आमंत्रण.

गुरुवारी कळलं. ओहायो.

जयंतीने फोन ठेवला. मग उजवीकडच्या लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "ओहायो लागलं. युनिव्हर्सिटीचं आहे."

"मग असं तोंड का? बोस्टन मेलं का?"

"मेलं," जयंती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने ललिताच्या गळ्यात हात टाकले. ललिता म्हणाली, "सोडा, अंगाला हॉस्पिटलचा वास आहे," पण हलली नाही.

आता ह्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ललिता सोनकांबळे सुखाने संपू देईल तर ना.

शुक्रवारी संध्याकाळी ती जयंतीकडे आली ती हातात सारंगची निळी सॅक घेऊन. अडगळीच्या खोलीतून काढलेली, झटकलेली आणि सुलट केलेली. हॉलंडात एक पद्धत आहे. पोरगं शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे, ह्या घरचं पास झालं. जयंतीला ती पद्धत भारी आवडायची, दर जूनमध्ये बाल्कनीतून दप्तरं मोजायची.

"काठी द्या," ललिता म्हणाली.

"काठी कुठून आणू? आपल्याकडे झेंडा नाही."

"फरशी पुसायचा मॉप आहे ना? ज्याच्यासाठी मला कामाला ठेवत होता? तो द्या."

मॉप आला. ललिताने दांडा बाल्कनीच्या कठड्याला बांधला, बाहेर काढून, तिरपा. चांगला वारा होता. सॅक टांगली तर ती नाव दाखवत रस्त्याकडे बघायला लागली. कॉलेज, गाव, ऑस्टिओपॅथिक, सगळं.

"जरा फिरव ना ती," जयंती म्हणाली.

"कुठे फिरवू?"

"नाव आतल्या बाजूला कर. भिंतीकडे."

"भिंतीला वाचता येतं?"

"ललिता, चेष्टा नको. हे शाळेतल्या पोरांचं असतं. आणि जूनमध्ये असतं."

"मार्चमध्ये लावलं म्हणून पोलीस येणार आहेत?"

"अगं, इथल्या लोकांना काय वाटेल? त्यांना वाटेल माझा मुलगा पाठी रगडतो. उद्या दहा म्हाताऱ्या कंबर धरून दारात उभ्या राहतील."

"मेट्रोजवळ पाटी आहे, तिकडे पाठवा. त्या दाढीवाल्याला तरी गिऱ्हाईक मिळेल. आणि एक म्हातारी मी घेऊन येतेच, तिला बघायचीय सॅक."

"उद्या माणसं येणारेत जेवायला. खालून येतानाच दिसेल."

"हां. म्हणजे म्हाताऱ्यांची भीती नाही. मंजूषाची आहे."

जयंतीने अरुणकडे पाहिलं. अरुण मगात पाहू लागला.

"भीती कसली? मी कुणाला भीत नाही," जयंती म्हणाली. "पण शोभेसाठी म्हणते मी. मागची बाजू कशी छान कोरी निळी आहे. नाव आत असलं तर काय बिघडलं? सॅक तर सॅकच राहणार ना?"

"बरं," ललिता म्हणाली. तिने इतक्या पटकन बरं म्हटलं की जयंतीला संशय यायला हवा होता. ललिताने सॅक धरली, भिंतीकडे फिरवली आणि तशीच हातात धरून ठेवली. "केलं नाव आत. उद्या मंजूषा आली. वर बघितलं. कोरी निळी सॅक. म्हणाली, अय्या, सारंगची का? कुठलं गं त्याचं कॉलेज? आता बोला. काय सांगणार?"

"सांगेन ना. त्यात काय? सांगेन, छोटंसं आहे, प..."

जयंतीने तोंड मिटलं.

खाली मेट्रो येऊन थांबली, माणसं उतरली, मेट्रो निघून गेली. ललिता हसलीसुद्धा नाही, हसली असती तर जयंतीला भांडता तरी आलं असतं. तिने शांतपणे सॅक परत रस्त्याकडे वळवली, पट्टे दांड्याभोवती घेतले आणि सुतळीचा वेढा दिला.

"वाऱ्याने फिरेल ती," जयंती म्हणाली.

"म्हणून दोन्हीकडून बांधतेय. इथे बोट ठेवा. घट्ट. मी गाठ मारते."

जयंतीने बोट ठेवलं.